ताबोच्या मातीच्या भिंती

हिमाचलच्या स्पिती खोऱ्यात बहुतेकांचा वेळ 'की' नावाच्या गोम्पासमोर, म्हणजे बौद्ध मठासमोर, फोटो काढण्यात आणि उंचावरच्या हिक्कीम गावच्या पोस्टातून घरी पत्र टाकण्यात जातो. मला ओढ होती ताबोच्या मठाची. बाहेरून पाहाल तर काहीच नाही: मातीचे बुटके ठोकळे, जवळच सफरचंदांच्या बागा. शेजारच्या काकू म्हणाल्यासुद्धा, "एवढ्यासाठी आणलंत?" आत गेल्यावर मात्र त्याच सगळ्यांत शेवटी बाहेर आल्या.

हा मठ इ.स. 996 मधला, पश्चिम तिबेटातल्या गुगे राज्याचा राजा येशे-ओ याने उभारलेला. दुखांग, म्हणजे सभागृह, अंधारं. भिंतीवर माणसाच्या उंचीला रंगवलेल्या मातीच्या मूर्ती, जणू हवेत बसलेल्या. मध्ये चार दिशांना पाहणारा वैरोचन बुद्ध. बाकीची भिंत चित्रांनी भरलेली. आत फोटोला बंदी आहे, आणि ते उत्तमच. नाहीतर कोणी वर मान करून पाहिलंच नसतं.

'हिमालयातलं अजिंठा' ही उपमा गाईड आम्हा मराठी मंडळींना हटकून ऐकवतात. मला ती तितकीशी पटत नाही. अजिंठा कातळात कोरलंय, ताबो नुसत्या मातीचं. 1975 च्या किन्नौर भूकंपात त्याला तडे गेले, तरी ते टिकलं. आणि नुसती माती इतकी शतकं राहिली, कारण हा सगळा पर्जन्यछायेचा कोरडा मुलूख. आता तिथेही अवेळी पाऊस पडू लागलाय, आणि मातीच्या सपाट छपराला पावसाइतका वाईट शत्रू नाही. जायचं असेल तर टॉर्च न्या आणि स्पितीतल्या मुख्य गावाला, काझाला, पळायची घाई करू नका.