धुमसणारी धमनी

बाई बावन्न वर्षांच्या. छातीत कळ आली आणि रुग्णालयात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. शवविच्छेदनाचा आग्रह मुलीनेच धरला. "मॅडम, आईचं कोलेस्टेरॉल तर नॉर्मल होतं. मग अटॅक आला कसा?"

फाइल चाळली. साखर, रक्तदाबही आटोक्यात. मात्र रुमॅटॉइड आर्थ्रायटिस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटण्याचा आजार) जुना होता, आणि रक्तात दाह दाखवणारं प्रथिन, सीआरपी, दर तपासणीत वाढलेलं.

हृदयाच्या धमन्या आम्ही दर तीन मिलिमीटरवर आडव्या कापत जातो. एलएडी या हृदयाच्या पुढच्या बाजूच्या मुख्य धमनीच्या वरच्या भागात काळपट लाल गुठळी सापडली, पोकळी पार बुजवून बसलेली. तिच्याखालच्या प्लाकने, म्हणजे धमनीच्या भिंतीत साचलेल्या थराने, मात्र निम्मीही जागा अडवली नव्हती. अँजिओग्राफीत त्याला 'किरकोळ' असाच शेरा मिळाला असता.

स्लाइड मायक्रोस्कोपखाली घेतली आणि मी बराच वेळ तिथून हलले नाही. मधोमध चरबी आणि मेलेल्या पेशींचा गाळ. त्यावरचं तंतुमय आवरण 65 मायक्रॉनपेक्षाही पातळ, आणि कडेला फाटलेलं. नेमक्या त्या फाटीपाशी मॅक्रोफेजची, म्हणजे सफाई करणाऱ्या पांढऱ्या पेशींची, दाटी होती. मॅक्रोफेज ओळखणाऱ्या सीडी 68 च्या रंगाने तो सगळा पट्टा तपकिरी झाला होता. चरबी गिळून गिळून पेशी साबणाच्या फेसासारख्या फुगलेल्या, आणि त्यांच्यात प्रतिकारशक्तीच्या टी पेशी पेरलेल्या.

सुरुवात एलडीएलने, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलनेच होते, यात मला शंका नाही. ते धमनीच्या अस्तराखाली अडकतं, बिघडतं, आणि पांढऱ्या पेशी सफाईला धावतात. पण चरबीने लदलेल्या त्या पेशी तिथेच अडकून पडतात, मरतात, आणि गाळ वाढतो. टी पेशींमधलं इंटरफेरॉन-गॅमा हे संदेशवाहक प्रथिन आवरणाला बळ देणारं नवं कोलॅजन बनू देत नाही. मॅक्रोफेजची विकरं आहे ते पोखरतात. आवरण दोन्हीकडून झिजतं. रुमॅटॉइडमध्ये सांध्यांतला दाह रक्तावाटे सगळीकडे पोचतो, म्हणूनच या रुग्णांना हृदयविकाराचा धोका सुमारे दीडपट असतो.

2017 मध्ये कॅन्टॉस चाचणीचे निष्कर्ष आले. हार्ट अटॅक येऊन गेलेले आणि सीआरपी वाढलेले दहा हजारांवर रुग्ण त्यात होते. कॅनाकिनुमॅब या औषधाने दाह भडकवणारं इंटरल्यूकिन-1 बीटा हे प्रथिन रोखलं. एलडीएल जवळपास तसंच राहिलं, तरी 150 मिलिग्रॅमच्या मात्रेने अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून 15 टक्क्यांनी घटले. जीवघेणे संसर्ग मात्र वाढले. प्रतिकारशक्तीला आवर घालण्याची ती किंमत आहे. तरीही दाह हा निव्वळ साक्षीदार नाही, हे मला त्या चाचणीने पटवून दिलं.

मृत्यूला हातभार लावणाऱ्या कारणांत मी रुमॅटॉइड आर्थ्रायटिस लिहिला. बैठकीत एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हरकत घेतली, "सांधेदुखीने माणूस दगावतो का?" मी तपकिरी पट्ट्याची ती स्लाइड पडद्यावर लावली आणि आवरण कुठे फाटलं ते बोटाने दाखवलं. नोंद कायम राहिली. मुलीला रिपोर्ट देताना तीच ओळ मी तिला आधी वाचून दाखवली.