वाटणीचा कागद

मंगळवार, रात्र

दादानं पाठवलेलं हक्कसोडपत्र चौथ्या दिवशीही टेबलावर तसंच पडून आहे. सहीच्या जागी त्यानं पेन्सिलनं केलेली बारीक फुली मला झोंबते. विचारलं असतं तर कदाचित हो म्हटलं असतं.

कायद्याचं काही अडलेलं नाही. आम्हा ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो: एक तृतीयांश आईचा, उरलेलं मुला-मुलींत सारखं. नेवाशाजवळचं तीन एकर, म्हणजे प्रत्येकाला एक. पण पप्पांच्या दुखण्यात शेत आणि घर दोन्ही दादानंच ओढलं, हेही खरं. म्हणून चार रात्री प्रभूला एकच विचारतेय, सही करू की नको?

आज सकाळी बायबलमधला लूकचा बारावा अध्याय वाचनात आला. गर्दीतला एक जण येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला वतनाची वाटणी करायला सांगा. माझाच प्रश्न! आणि येशू नकार देतो. मला तुमचा न्यायाधीश कोणी नेमलं, असं विचारतो आणि लगेच सगळ्यांना लोभापासून जपायला सांगतो. मग तो दाखला, जुनी कोठारं मोडून मोठी बांधायला निघालेल्या आणि त्याच रात्री जीव मागितला गेलेल्या धनवानाचा.

आधी वाईटच वाटलं. एवढ्या भरवशानं विचारतेय आणि प्रभू, तूही हात वर करतोस? मग कालची प्रार्थना आठवली. डोळे मिटलेले होते आणि मनात गुंठ्याचा भाव चालला होता. चाळीस गुंठे, तेही रस्त्यालगत. दादाला ऐकवायची वाक्यंसुद्धा जुळवून झाली होती. निकाल मी आधीच लावला होता, प्रभूचा नुसता शिक्का हवा होता.

सही कर, असं येशूनं सांगितलेलं नाही. हे स्वतःला बजावावं लागतंय, कारण बहिणीनं हक्क सोडला की तिला गुणाची म्हणतात, आणि चर्चमध्येही त्यागाची शिकवण बायकांच्याच वाट्याला जास्त येते. त्या माणसाचा हिस्सा खोटा आहे, असंही तो म्हणाला नाही. जमिनीचं बाजूला ठेवून त्यानं मनात काय साठलंय ते दाखवलं. वकिलाला हे दिसलं नसतं. मी येशूवर विसंबते ती याचसाठी, की तो माझं दुखरं बरोबर ओळखतो आणि मग मला टाकून जात नाही.

संध्याकाळी दादाला फोन केला. कागदाचं काढलंच नाही, कांद्याचं विचारलं. म्हणाला, "विहिरीवरची मोटर जळालीय गं. तीन दिवस झाले." आवाज अगदी पप्पांसारखा थकलेला. पप्पा गेल्यापासून तू कसा आहेस, हे मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं. आज विचारलं. बराच वेळ तो काही बोललाच नाही.

शनिवारी जातेय. कागद पिशवीत घातलाय, सहीविना. आईलाही जवळ घेऊन तिघं बोलू. प्रभू, तिथं माझ्या तोंडी शब्द तू दे.