ठिकरीच्या खेळाचा परवाना

लंगडी घालत ज्या घरात पाय पडेल ते घर उजळावं आणि त्याचा सूर वाजावा, एवढीच कल्पना. आठ घरं, सा ते तार सा. प्लायच्या आठ फळ्या, प्रत्येकीखाली पिझो चकती (ठोका बसला की विजेचा संकेत देणारी), कडेने एलईडी पट्टी. जोडणी, कोड, रंग ठरवणं, सगळं मजेत झालं. (आर्डुइनो उनो या छोट्या नियंत्रक बोर्डाला चकत्यांचे संकेत वाचणाऱ्या अ‍ॅनलॉग पिना सहाच असतात, आठ घरांना त्याचा मोठा भाऊ मेगाच घ्या.)

अडलं ते परवान्यात. खेळ बागेत मांडायचा होता, आणि 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते. आमचे स्पीकर तळहातावर मावणारे. ते कोण ऐकतंय?

अर्जात 'कार्यक्रमाचा प्रकार': धार्मिक, राजकीय, विवाह, इतर. 'इतर'वर खूण केली. "इतर म्हणजे काय ते लिहून आणा." खेळ लिहिलं. "मग क्रीडा विभागाचं पत्र लागेल." तिथले म्हणाले, सूर आहेत म्हणजे सांस्कृतिक. सांस्कृतिक लिहिल्यावर कलाकारांची यादी मागितली. आता कलाकार कोण, तर जे पोर उडी मारेल ते! मग मंडपाचा नकाशा. मंडप नव्हताच, पण "रकाना रिकामा चालत नाही." शेवटी 'मंडप उभारला जाणार नाही' असं स्वतंत्र कागदावर लिहून, सही करून जोडलं. त्या कागदाचाही आवक क्रमांक पडला. अजून आठवलं की डोकं फिरतं.

सुटका केली ती पलीकडच्या टेबलावरच्या मॅडमनी. वैतागून मी अर्जाच्या झेरॉक्सवर पेनाने घरं काढून दाखवली. त्या वाकून बघत म्हणाल्या, "अहो, ही तर आमची ठिकरी! आणि रेषेवर पडली तर?"

"सगळी घरं लाल आणि भसाडा भोंगा."

त्या खो खो हसल्या, फाइल ओढून घेतली आणि 'इतर'पुढे स्वतःच्या हाताने लिहिलं: लहान मुलांचा पारंपरिक खेळ, ध्वनीसह. साहेबांची सही जेवणाच्या सुट्टीआधी झाली. तुम्हीही यंत्राचं वर्णन करत बसू नका, चित्र घेऊन जा.

जागा ठरवण्याआधी शंभर मीटरच्या आत शाळा, दवाखाना किंवा कोर्ट आहे का ते बघा. शांतता क्षेत्र निघालं तर चित्रही कामाला येणार नाही. रात्री दहानंतर तर विषयच सोडा.

हो, आणि फळ्यांमध्ये बोटभर फट ठेवून खाली फोम घाला, नाहीतर 'ग'वर उडी मारली की शेजारचा 'म'ही बोंबलतो. प्रत्येक चकतीला एक मेगाओहमचा रेझिस्टर समांतर जोडा. ठिकरी मात्र खापराचीच द्या. पोरं बाटलीची झाकणं टाकतात आणि ती पिझोला कळतसुद्धा नाहीत.