रझांचा बिंदू पॅरिसमधून पाहताना

चित्रकार सय्यद हैदर रझा 1950 साली फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला आले आणि पुढची साठ वर्षं फ्रान्समध्येच राहिले. पासपोर्ट मात्र भारताचाच ठेवला. आपल्या गोव्यात पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन युरोपात जाण्याचा विषय जेवतानाही निघतो, म्हणून हे आधी सांगितलं. कुणाला नावं ठेवायची नाहीत. माझी चुलत भावंडं त्याच वाटेने इंग्लंडला गेली आहेत.

2023 मध्ये इथल्या पाँपिदू केंद्र या आधुनिक कलेच्या संग्रहालयात रझांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तोवर रझा म्हणजे बिंदू, एवढंच मला ठाऊक होतं. म्हार्दोळची मावशी तर फोनवर विचारायची, "काय गो, त्या एका काळ्या टिपक्याला कोट्यवधी रुपये कसे?" तिला सांगण्यासारखं तिथे पुष्कळ सापडलं.

तो टिपका त्यांना सहज मिळालेला नाही. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून ते आले तेव्हा निसर्गचित्रं काढत. श्रीनगरला भेटलेल्या छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँनी त्यांना फ्रेंच चित्रकार सेझानचा अभ्यास करायला सांगितलं होतं. फ्रान्समधली गावं, घरं, झाडं रंगवता रंगवता आकार विरघळत गेले आणि रंगच उरला. 1956 मध्ये त्यांना समीक्षकांचा मानाचा फ्रेंच पुरस्कार मिळाला. दुसरा कुणी तिथेच स्थिरावला असता. रझांना मात्र या चित्रांत आपलं स्वतःचं काय, हा प्रश्न छळू लागला. मला त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं धाडस हे वाटतं. गाव सोडण्यापेक्षाही मोठं.

मग ते भारतात फिरू लागले: अजिंठा, वेरूळ, राजस्थान. वडील वनखात्यात असल्याने मध्य प्रदेशातल्या मंडल्याच्या जंगलात बालपण गेलं होतं. तिथल्या काळोख्या रात्री सत्तरच्या दशकातल्या चित्रांत उतरल्या. शाळेत लक्ष लागेना म्हणून मास्तरांनी भिंतीवर ठिपका काढून त्याच्याकडे बघायला लावलं होतं. तोच ठिपका 1980 च्या सुमारास कॅनव्हासच्या मधोमध आला. 1981 च्या 'माँ' या चित्रात तर देवनागरीत हिंदी कवितेची ओळच आहे. परक्या देशात राहून त्यांनी ती आपल्या लिपीत लिहिली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आपल्या साळगावचे चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा त्यांचे 1947 च्या प्रोग्रेसिव्ह या मुंबईतल्या चित्रकारांच्या गटातले सोबती. सूझा 1949 लाच लंडनला गेले. त्यांच्या चित्रांत गोव्याचं चर्च सुरुवातीपासून, रागासकट, दिसतं. रझांना मंडल्यापर्यंत पोचायला तीस वर्षं लागली.

पत्नी जानीन 2002 मध्ये गेल्या. 2010 च्या अखेरीस रझा दिल्लीला परतले, चित्रं काढत राहिले आणि 2016 मध्ये वारले. त्यांनी सुरू केलेलं रझा फाउंडेशन तरुण चित्रकारांना आणि कवींना मदत करतं. पणजीत आल्तिनोच्या कला महाविद्यालयातल्या मुलांनी तिथे जरूर चौकशी करावी.