कुरडया, गच्ची आणि वळीव

मागच्या सोमवारी दुपारी मी हिंजवडीला ऑफिसात मीटिंगमध्ये होते, फोन सायलेंटवर. बाहेर येऊन बघते तर अकरा मिस्ड कॉल आणि त्यातले आठ आमच्या बिल्डिंगमधल्यांचे. पोटात धस्सच झालं. खिडकीकडे गेले तर आभाळ काळंकुट्ट, वारा सुटलेला, आणि मला एकदम आठवलं की गच्चीवर माझ्या चार किलो गव्हाच्या कुरडया पसरलेल्या आहेत, दुसऱ्याच दिवसाचं ऊन लागत होतं त्यांना. तिथून सिंहगड रोडला पोचायचं म्हणजे त्या वेळेला दीड तास कुठे गेला नाही. मी परत फोन लावते तर कुणी उचलेना.

कुरडयांसाठी एवढा जीव खाली-वर कशाला असं ज्यांना वाटेल त्यांनी कधी कुरडया घातलेल्या नसणार. म्हणून आधी तेच सांगते.

मी जळगावची. आमच्याकडे होळी झाली की गल्लीतल्या बायकांचं एकच बोलणं, तुमचे गहू कधी भिजवताय? मग वार ठरायचे. सोमवारी समोरच्या काकूंकडे, बुधवारी आमच्याकडे, शुक्रवारी कोपऱ्यावरच्या भाभींकडे (भाभी मारवाडी, पण कुरडया त्या आमच्याहून पांढऱ्याशुभ्र करायच्या). आखाजीच्या आत सगळ्यांचे डबे भरले पाहिजेत, कारण आखाजीला म्हणजे अक्षय तृतीयेला लेकी माहेरी येणार, घागर भरायची, पुरणपोळी आणि आमरस होणार आणि त्या ताटात कुरडई नाही असं चालतच नाही.

गहू लोकवन घ्यायचा. या नावातलं वन म्हणजे जंगल असं मला कितीतरी वर्षं वाटायचं, पण ते आहे लोक-१, गुजरातेत सणोसऱ्याला लोकभारती नावाची संस्था आहे तिथे हे वाण तयार झालं म्हणून ते नाव. तर हा गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, नाहीतर त्या उन्हाळ्यात वास मारायला लागतो. तिसऱ्या दिवशी दाणा बोटात चिमटला की पांढरं दूध बाहेर आलं पाहिजे. मग वाटायचा, फडक्यातून पिळून गाळायचा, आणि ते दूध रात्रभर मोठ्या भांड्यात तसंच ठेवायचं, हलवायचं नाही. सकाळपर्यंत चीक तळाला बसतो आणि वर पिवळसर पाणी येतं, ते अलगद ओतून टाकायचं. मागे राहिलेला चोथा पण आई वाया घालवायची नाही, त्यात लसूण, तिखट, जिरं, तीळ घालून भुसवड्या. खिचडीबरोबर तळलेली भुसवडी ज्याने खाल्लीये त्याला मी काय म्हणतेय ते कळेल.

हे सगळं एकटीने होतं. खरी गंमत पुढे आहे.

पहाटे चारला चूल पेटायची. जेवढा चीक तेवढं पाणी, त्यात मीठ आणि हिंग, पाणी खळखळा उकळलं की एकीने वरून चिकाची बारीक धार धरायची आणि दुसरीने लाकडी दांड्याने हाटायचं, आणि तिसरीने सांडशीने पातेलं घट्ट धरून ठेवायचं कारण चीक घट्ट व्हायला लागला की तो दांड्याबरोबर अख्खं पातेलं फिरवतो. हात क्षणभर थांबला की गुठळी. आणि गुठळी झाली की ती सोऱ्याच्या छिद्रात अडकणार, मग कुरडई तुटकी. शिजून चकाकी आली, ओलं बोट लावल्यावर चिकटला नाही, की मग गरमागरमच घालायचा, गार झाला की सोऱ्यातून उतरतच नाही. म्हणजे एकजण पातेल्यापाशी, एकजण सोऱ्या भरणारी, दोघी घालणाऱ्या. चार बायका हव्यातच. मी आजवर एकटीने कुरडया घालणारी बाई बघितलेली नाही. पापड एकटीने लाटता येतात, लोणचं एकटीने घालता येतं, पण कुरडई नाही, आणि मला वाटतं म्हणूनच आमची गल्ली तशी होती. एरवी नळाच्या पाण्यावरून दोघींचं बोलणं बंद असलं तरी गहू भिजवले की बोलावंच लागायचं, हाटायला कोण येणार?

पैशाचा तर विषयच नसायचा. मदतीला आलेलीला वाटीभर गरम चीक, वर तूप-साखर, किंवा तेल-तिखट आवडत असेल तर ते. आम्हा पोरांना पण तोच नाश्ता. नंतर आमची ड्यूटी बाजेवर पसरलेल्या कुरडयांपाशी, कावळे आणि शेजारची शेळी हाकलायची. मे महिन्यात जळगावला ४३-४४ डिग्री म्हणजे रोजचंच, त्यात निंबाच्या सावलीत बसून आम्ही अर्धवट वाळलेल्या, बाहेरून कडक आणि आतून चिवट अशा कुरडया गुपचूप खायचो. आईला माहीत असायचं, ती पोरांच्या वाटणीच्या म्हणून चार जास्तच घालायची.

२००३ च्या मार्चमध्ये बाबा गेले. आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की वर्षभर वाळवण घालत नाहीत, त्यामुळे त्या वर्षी गहू भिजलेच नाहीत. मी तेव्हा बारावीची परीक्षा दिलेली, घर नुसतं सुन्न. गल्लीत कुणी काही बोललं नाही, आईला कुणी हाटायलाही बोलावलं नाही, तेवढं भान सगळ्यांना होतं. पण मे संपता संपता एकेक जण यायची, थोडा वेळ बसायची, चहा घ्यायची आणि जाताना पदराखालचं ताट ओट्यावर ठेवून जायची. शेवटी आमचा पत्र्याचा मोठा डबा काठोकाठ भरला, दर वर्षीपेक्षा जास्तच. एक दिवस दुपारी आई तो डबा पुढ्यात घेऊन बसली होती. मी विचारलं काय करतेस, तर म्हणाली, "ही बघ, ही समोरच्या काकूंची, त्या शेवटचा वेढा आत वळवतात. ही भाभींची, बारीक. ही जाड आहे ना, ती आज्जींची, त्यांच्या हातात आता जोर नाही राहिला म्हणून सोऱ्या हळू फिरतो." एकेक कुरडई हातात घेऊन ती सांगत होती. बाबा गेल्यावर त्या दिवशी पहिल्यांदा आई माझ्याशी एवढं बोलली.

मग लग्न झालं, पुण्यात आले, फ्लॅट, नोकरी. सासूबाई रत्नागिरीकडच्या, त्यांचं वाळवण म्हणजे आमसुलं, फणसपोळी, पोह्याचे मिरगुंड. कुरडया जळगावहून यायच्या, आई बसने पार्सल पाठवायची. पण आईचे गुडघे आता साथ देत नाहीत, आणि गल्लीतल्या बऱ्याचशा घरांच्या जागी आता बिल्डिंगा झाल्यात. गेल्या वर्षी पार्सल आलं नाही. विकतच्या आणल्या, बचत गटाच्या बायका चांगल्या करतात, मी नावं ठेवणार नाही, पण डबा उघडल्यावर मला त्यातली एकही ओळखू येईना.

म्हणून या वर्षी ठरवलं की आपणच घालायच्या. आईने तिचा पितळी सोऱ्या दिला. पहिली अडचण गच्ची. आमच्या सोसायटीत गच्चीला कायम कुलूप, किल्ली कमिटीकडे, आणि वाळवणाला परवानगी नाही असा जुना ठराव, कारण काय तर घाण होते. मी मीटिंगमध्ये उभी राहिले आणि म्हटलं, अहो लिज्जत पापड १९५९ साली गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवरच सुरू झाला ना, सात बायका, ८० रुपये उसने घेऊन. तिथे गच्चीला कुलूप असतं तर? मी भांडायला उठले नव्हते, मला मनापासून तसं वाटतं. चेअरमन काका थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले आमच्या आईच्या पण असायच्या, घ्या किल्ली, पण झाडून द्या. बास.

दुसरी अडचण हात. नवरा हाटायला तयार झाला, सासूबाईंनी पातेलं धरलं, लेकीने धार धरली. पण घालायला मी एकटी. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या अम्मा, मूळच्या तामिळनाडूच्या, पहाटे फिरायला निघाल्या होत्या, गच्चीवर लाइट दिसला म्हणून वर आल्या. सोऱ्या बघितला आणि हसल्या, "ये तो हमारा अच्चु है." त्यांच्याकडे तांदळाचे वडाम असेच दाबून उन्हात वाळवतात म्हणे. पदर खोचला आणि बसल्याच. मग तिसऱ्या मजल्यावरची ताई आली, तिला कुरडईतलं काही येत नव्हतं, सोऱ्या भरून देत होती. आठ वाजेपर्यंत सगळा चीक संपला. वाटीतला गरम चीक अम्मांनी तूप-साखर घालून खाल्ला आणि दुसरी वाटी मागितली, मला काय आनंद झाला म्हणून सांगू.

हा झाला रविवार. आणि सोमवारी तो वळीव. ओल्या कुरडयांवर पाणी पडलं की बुरशी धरते, टाकूनच द्याव्या लागतात, चार दिवसांचं काम पाण्यात.

कॅबमध्ये बसल्यावर ताईचा फोन लागला. मागून मुलांचा आरडाओरडा, कुणीतरी "तो कोपरा धरा, तो कोपरा" असं ओरडतंय, आणि ताई एवढंच म्हणाली, "अगं तू ये सावकाश, घाई नको करू, रस्त्यात पाणी असेल."

घरी पोचले तेव्हा सात वाजलेले. वॉचमन काकांनी सांगितलं की पहिला थेंब पडायच्या आत सगळं खाली आलं होतं. ते स्वतः, चेअरमन काका, अम्मा, दहावीतली दोन मुलं, सगळ्यांनी प्लॅस्टिकच्या कागदाची चारी टोकं धरून, एकही कुरडई न मोडता, तीन जिने उतरून. एक कागद अम्मांच्या देवघरापुढे. एक चेअरमन काकांच्या डायनिंग टेबलवर, टेबलावरचं सगळं सामान खाली जमिनीवर. आणि सगळ्यात मोठा तिसऱ्या मजल्यावर, ताईच्या बेडरूममध्ये, डबल बेडवर, वर पंखा फुल स्पीड. मी म्हटलं अगं आता न्यायला जागा करते, तर ती म्हणे आज हलवू नकोस, अजून ओल्या आहेत, मोडतील. त्या रात्री ताईच्या घरचे तिघं हॉलमध्ये गाद्या टाकून झोपले.

रात्री आईला फोन करून सगळं सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं, मग विचारलं किती ऊन झालं, कुरडया उलटवल्या का, आणि म्हणाली, "वाळल्या की आधी त्या तिन्ही घरी ताटं पोचव, मग आपला डबा भर. आणि त्या अम्मांच्या हातच्या दोन मला पाठव, बघू कशा वळवतात."

अजून एक ऊन हवंय. पत्र्याचा डबा घासून गच्चीवर पालथा घातलाय.