गुजरातीतील क्रियाविशेषणे शिकताना

गुजराती शिकताना मला सर्वांत मोहवले ते ‘थी’ या प्रत्ययाने. ‘शांतिथी’ म्हणजे शांतपणे, ‘ध्यानथी’ म्हणजे लक्षपूर्वक. मराठीत जिथे आपण कधी ‘ने’, कधी ‘पणे’, तर कधी ‘पूर्वक’ जोडतो, तिथे गुजरातीत बरेचदा हा एकच प्रत्यय पुरतो, आणि ‘घरेथी’ म्हणजे घरून, असा अपादानाचा, म्हणजे ‘कुठून’ हे सांगणारा, अर्थही तोच देतो. ‘सारी रीते’, म्हणजे चांगल्या रीतीने, हे सहज उमगले, कारण ‘रीत’ आपलीही आहे. खरी कसोटी मात्र ‘मोडुं’, म्हणजे उशिरा, या शब्दाने घेतली. मराठीत मुलगा असो वा मुलगी, ‘उशिरा’ बदलत नाही. गुजरातीत मात्र ‘छोकरो मोडो आव्यो’ आणि ‘छोकरी मोडी आवी’. ‘वहेलुं’, म्हणजे लवकर, हेही तसेच लिंगानुसार बदलते, म्हणून असे शब्द मी नेहमी पूर्ण वाक्यातच घोकते.