मारुती आठशेचं डावं मागचं चाक: हँडब्रेक सुटतो, शू सुटत नाही

सापडलं एकदाचं! डावा मागचा ड्रम (चाकाबरोबर फिरणारं लोखंडी भांडं; त्याला आतून शू दाबले की ब्रेक लागतो) तापण्याचं कारण हँडब्रेकच्या केबलमध्ये नव्हतं, शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरमध्ये नव्हतं आणि ब्रेक तेलाच्या रबरी होजमध्येही नव्हतं. ते बॅकप्लेटवर, म्हणजे शू ज्या न फिरणाऱ्या पत्र्यावर बसतात त्यावर होतं, नखाएवढ्या जागेत. आजचा जवळजवळ सगळा मजकूर त्या नखाएवढ्या जागेवरच आहे. कार्बोरेटरचं उरलेलं काम पुढच्या वेळी.

मागच्या लेखात आपण हँडब्रेकच्या नव्या केबलपर्यंत आलो होतो. रत्नागिरीहून पालीपर्यंत जायचं, ब्रेकला शक्यतो पाय लावायचा नाही, मोकळ्या जागी गाडी आपोआप थांबू द्यायची आणि उतरून चारही चाकांचं तापमान घ्यायचं, ही आपली ठरलेली चाचणी. केबल बदलण्याआधी डावा मागचा ११२ अंश आणि उजवा ४७ अंश असा फरक होता. नव्या केबलनंतर दोन्ही पन्नाशीच्या आत आले. क्लच न दाबता, नुसत्या न्यूट्रलवर गाडी उतारावर किती सुरेख घरंगळत होती!

इन्फ्रारेड थर्मामीटरबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं होतं. घ्याच. स्वस्तातला चालतो, कारण आपल्याला अचूक आकडा नको, डाव्या-उजव्यातला फरक हवा. फक्त ठिपका रिमच्या चकचकीत भागावर मारू नका, तिथून आकडा खोटाच येतो. रिमच्या भोकातून ड्रमच्या काळ्या लोखंडावर धरायचा.

तर गाडी मोकळी झाली होती आणि मी निश्चिंत होतो. मग एका संध्याकाळी पाहुण्यांची गाडी आत घेण्यासाठी आपली गाडी अंगणाच्या चढावर लावली, हँडब्रेक चांगला घट्ट ओढला आणि रात्रभर तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन येईपर्यंत तोच ओळखीचा जळका वास. डावा मागचाच. केबल नवी, समायोजनाचा नट ढिला, हँडल पूर्ण खाली, तरी चाक जड. इतका वैताग मला इंजिन उतरवतानाही आला नव्हता.

कोकणातले वाचक लगेच म्हणतील की पावसाळी हवेत शू ड्रमला चिकटतात. चिकटतात, पण त्याची लक्षणं वेगळी. गाडी हलताना मागून एकदाच ‘टक्’ असा आवाज येतो, गंजाचा पापुद्रा तुटतो आणि मग चाक मोकळंच असतं. इथे आवाज नाही, झटका नाही. चाक फिरतं, पण कुणीतरी हात धरून ठेवल्यागत जड फिरतं, आणि पुढे कितीही चालवली तरी मोकळं होत नाही.

म्हणून पुन्हा पहिल्यापासून, एकेक गोष्ट बाद करत. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी जांभ्याचे चिरे लावले, मागची बाजू स्टँडवर घेतली. चाक जड असतानाच ब्लीडिंग निपल (ब्रेकचं तेल आणि हवा बाहेर काढायची तोटी) अर्धा आटा सोडला. तेलात दाब अडकला असेल तर निपल सोडताच तेल जोरात उडतं आणि चाक तिथल्या तिथे सुटतं. होज आतून फुगला असेल किंवा पायाच्या ब्रेकने तेलावर दाब देणाऱ्या मास्टर सिलिंडरचं बारीक छिद्र बुजलं असेल तर असंच होतं. इथे दोन थेंब आले, चाक तसंच. म्हणजे हायड्रॉलिक बाजू निर्दोष. मग काही रात्री हँडब्रेक अजिबात न ओढता, गाडी पहिल्या गिअरमध्ये आणि चाकाला चिरा लावून ठेवली. एकदाही ड्रम तापला नाही. पायाच्या ब्रेकने कितीही थांबवा, चाक मोकळं. हँडब्रेक जोरात ओढला की मात्र हटकून धरायचं.

इथे कुणीही केबललाच दोष देईल. म्हणून पुढची चाचणी सगळ्यात महत्त्वाची ठरली. केबल ड्रमकडच्या लिव्हरपासून पूर्ण सोडली. आता हँडलशी काही संबंधच उरला नाही. लिव्हर पकडीने ओढला, सोडला, चाक फिरवून पाहिलं. जड! मग बॅकप्लेटला लाकडी हातोडीने मागून एक टोला दिला आणि चाक सुटलं. पुन्हा ओढलं, पुन्हा जड. पुन्हा टोला, पुन्हा मोकळं. त्या क्षणी जो आनंद झाला तो इथल्या लोकांना वेगळा सांगायला नको. दोष हवा तेव्हा आणता येतो आणि हवा तेव्हा घालवता येतो, म्हणजे तो निम्मा सापडलाच.

ड्रम उतरवायला फारसा त्रास झाला नाही. मधलं टोपण, पिन, स्पिंडलचा नट, आणि स्लाइड हॅमरचे चार झटके. बेअरिंगचं ग्रीस अजून स्वच्छ होतं, ते पाहून बरं वाटलं. एक विनंती: आतली काळी भुकटी तोंडाने किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने कधीही उडवू नका. जुन्या लायनरमध्ये (शूवरच्या घासणाऱ्या थरात) अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. ब्रेक क्लीनरने ओली करून फडक्याने पुसा आणि फडकं टाकून द्या.

आत सगळं जागच्या जागी. रिटर्न स्प्रिंगा नव्या, व्हील सिलिंडरची रबरं कोरडी, दोन्ही पिस्टन अंगठ्याने दबतात, लिव्हरची पिन लोण्यासारखी फिरते. शू काढून बॅकप्लेट पुसली आणि टॉर्च अगदी आडवा धरला, तेव्हा दिसलं. शूची कड ज्या उंचवट्यांवर घासते, त्यातल्या मागच्या शूच्या वरच्या उंचवट्यावर खाच पडली होती. समोरून उजेड टाकला तर ती दिसतही नाही. नख फिरवलं की अडकतं.

आता यात हँडब्रेकच का, याचा विचार करत मी बराच वेळ शू हातात घेऊन बसलो. मला पटलेलं कारण असं. पाय दाबतो तेव्हा सिलिंडरचा पिस्टन शूच्या पात्याला मधोमध ढकलतो, शू सरळ बाहेर जातो. हँडब्रेकचा लिव्हर मात्र पात्याच्या एका अंगाला बसवलेला असतो. तो ओढला की शूला ढकलण्याबरोबर थोडा पीळही बसतो, आणि शूची कड बॅकप्लेटवर रुतते. उंचवटा सपाट असेल तर ती घसरून परत येते. खाच असेल तर तिच्यात बसते आणि रिटर्न स्प्रिंगला तिला वर चढवून आणणं जमत नाही. हातोडीच्या टोल्याने कड उडी मारून बाहेर यायची, म्हणून चाक सुटायचं. मग केबल बदलल्यावर गाडी मोकळी का वाटली? जुनी केबल आतून गंजली होती, ती स्वतःच अर्धवट ओढलेली राहायची. ती गेली तेव्हा कायमचा ताण गेला. खाच तिथेच होती, घट्ट हँडब्रेकची वाट पाहत.

केबलवरून आठवलं. दुकानात मला आधी एक बिननावाची, निम्म्या किमतीची केबल दाखवली होती. तिच्या म्यानात नायलॉनचं अस्तरच नव्हतं, तार थेट लोखंडावर घासत होती. आपल्या खाऱ्या हवेत ती दोन पावसाळे काढणार नाही. म्यानाच्या टोकात डोकावून अस्तर आहे का ते पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. २०१४मध्ये आठशे बंद झाली, पण हिंडलं तर चांगला माल अजून मिळतो.

दुरुस्तीचे दोन मार्ग होते. नुसतं कानशीने खाच सपाट करणं मला मान्य नव्हतं, कारण तो उंचवटा बाकीच्यांपेक्षा खाली जाईल आणि शू तिरका बसेल. म्हणून भरून घ्यायचं ठरवलं. त्यासाठी ब्रेकचा पाइप सोडून, सिलिंडर काढून प्लेट उतरवावी लागली. पाइपच्या नटासाठी साधा पाना वापरू नका, कडा गोल होतात. खाचेचा फ्लेअर पाना लागतोच. पाइपचं तोंड लगेच रबरी टोपीने बंद केलं. वेल्डरदादांनी प्लेट हातात घेतली आणि म्हणाले, “भाऊ, पत्रा पातळ आहे, एकदम भरला तर वाकडा होईल.” त्यांनी टिपक्या टिपक्यांनी, मध्ये थंड होऊ देत भरलं. घरी येऊन कानशीने उतरवलं, पट्टी ठेवून बाकीच्या उंचवट्यांशी पातळी जुळवली आणि शेवटी बारीक पॉलिश पेपर मारला. हे काम करताना घाई करायची नाही, यातच खरी मजा आहे.

उंचवट्यांवर ब्रेकचं खास उष्णतारोधक ग्रीस लावलं, तेही अगदी पुसट. बेअरिंगचं साधं ग्रीस इथे नको. ते तापून पातळ होतं आणि लायनरवर गेलं की शू बाद. बसवल्यावर ब्लीडिंग केलं, म्हणजे पाइपातली हवा काढली, आणि डॉट-३ दर्जाचं ब्रेक तेल नवीन भरलं. ओघात सांगतो, ड्रम तापण्याकडे काणाडोळा करू नये यामागे हेही एक कारण आहे. डॉट-३ नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतला ओलावा शोषतं आणि ओलं झाल्यावर हीच मर्यादा १४० अंशांवर येते. आधीच ११२ वर असलेला ड्रम घेऊन आंबा घाट उतरायला लागलो, तर तेलात वाफ धरायला फार अंतर उरत नाही.

समायोजनाचा क्रम मात्र सगळ्यांनी पाळा. केबल पूर्ण ढिली ठेवून आधी पायाचा ब्रेक पुष्कळ वेळा दाबायचा, म्हणजे शू आपोआप ड्रमच्या जवळ येऊन बसतात. त्यानंतरच हँडलखालचा नट. शू झिजले म्हणून केबल आवळत गेलो तर लिव्हर आपल्या टेकूवरून उचललेलाच राहतो, आपोआप जुळणारी यंत्रणा काम करेनाशी होते आणि चाक धरायला लागतं. गॅरेजमध्ये सर्रास असंच आवळतात, आणि मला ते अजिबात पटत नाही.

निकाल: अंगणाच्या त्याच चढावर हँडब्रेक जितका ओढता येईल तितका ओढून रात्रभर ठेवली. सकाळी जॅकवर घेऊन सोडला, डावं चाक एका बोटाने फिरलं. पालीची चाचणी: डावा ४९, उजवा ५१. चढावर हँडल सहाव्या खटक्याला गाडी पक्की धरतं.

इथे लेख संपवणार होतो, पण आकडे लिहिताना उजव्याचे ५१ डोळ्यांत भरले. फरक क्षुल्लक आहे, तरी उजवी प्लेट तितकीच वर्षं, त्याच हवेत राहिली आहे. तिथे खाच पडायला सुरुवात झाली असणारच. पुढचा रविवार मी कार्बोरेटरच्या जेटसाठी ठेवला होता, तो आता उजव्या ड्रमला देतो.

आणखी एक सुचलं. माझ्या सगळ्या चाचण्यांत स्टँड बॉडीखाली होते, म्हणजे अ‍ॅक्सल खाली लोंबकळत होता. १९८६ नंतरच्या आठशेला मागे कॉइल स्प्रिंग आहे, एसएस-८०सारखे (आठशेचं पहिलं मॉडेल) पाटे नाहीत, त्यामुळे अ‍ॅक्सल बराच खाली उतरतो आणि त्याच्याबरोबर केबलचं वळणही बदलतं. मागे तीन माणसं आणि डिकीत सामान असताना केबल ओढली जाते का, हे अ‍ॅक्सलखाली स्टँड घेऊन, गाडीचं वजन चाकांच्या जागी ठेवूनच कळेल. उजव्या ड्रमबरोबर हेही करतो आणि दोन्ही स्थितींतले खटके मोजून टाकतो. तुमच्यापैकी कुणी ही तुलना केली असेल तर आकडे कळवा.

आणि सांगली-कोल्हापूरकडे कुणाकडे भंगारात निघालेल्या आठशेची उजवी बॅकप्लेट पडली असेल तर विकू नका, आधी मला सांगा. उंचवट्यांवर टॉर्च आडवा धरून काढलेला एक फोटो पाठवला तरी पुरे.